सुनजामावशीचा शेवटचा डबा

सुनजामावशी, तुझा डबा माझ्या फ्रिजमध्ये अजून बोलतोय. सकाळी दूध काढायला दार उघडलं की आतून 'बुडुक' असा आवाज येतो. मग झाकणाच्या कडेला एक लालसर बुडबुडा येतो आणि फुटतो. तू जाऊन महिना होत आला, पण तुझ्या हातांनी भरलेला कोबी अजून आपलं काम करतोय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी तर मेल्यावरही गेली नाही. मी दार लावते आणि मोठ्यानं म्हणते, "हो गं बाई, ऐकलं." पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा नितीन, माझा नवरा, स्वयंपाकघरात डोकावून गेला होता. आता तो डोकावत नाही.

खरं सांगू? मला भीती वाटते. तो आवाज एक दिवस थांबेल याची. जगात तुझ्या हातची किमची, हा आंबवलेला तिखट कोबी, आता एवढीच उरलीय, एक डबा, तोही पाऊण भरलेला. खाल्ली तर संपेल आणि ठेवली तर आंबून आंबून तिचं पाणी होईल. तू असतीस तर म्हणाली असतीस, "टू मच टॉक. ईट." पण तू नाहीस, आणि म्हणूनच तर ही पंचाईत आहे.

आपली ओळख दारातून झालीच नाही. अमेरिकेतल्या या बॉथेलमध्ये घर घेऊन आम्ही सामान लावत होतो, तेव्हा मागच्या डेकच्या, लाकडी ओसरीच्या, काचेच्या दारावर टक्-टक् झालं. बाहेर तू, बुटकी, पांढऱ्या केसांची, बोटातल्या अंगठीनं काच वाजवणारी. हातात डबा. कुंपणाची एक फळी सरकवून तू थेट आमच्या मागच्या अंगणात आली होतीस. डब्यातून जो वास आला त्यानं माझं नाक आपोआप मुरडलं, आणि मी घाईनं म्हणाले, "आय ॲम व्हेजिटेरियन." तू डबा तसाच उचललास आणि चालती झालीस. मला वाटलं, रागावली बाई. दोन आठवड्यांनी पुन्हा टक्-टक्. या वेळी काचेची बरणी होती. "नो फिश. नो श्रिम्प. युअर्स," तू म्हणालीस. तुमच्याकडे माशाच्या खारट पाण्याशिवाय किमची म्हणजे आमच्याकडे मोहरीशिवाय लोणचं. तरी माझ्यासाठी तू ती वेगळी घातलीस. त्या दिवसापासून दरवर्षी तुझ्या फ्रिजात एक कप्पा माझा असे.

त्या पहिल्या बरणीचं मी काय केलं ते तू पुढे अख्ख्या गल्लीला सांगत फिरलीस. तू सांगितलं होतंस, दोन दिवस बाहेर ठेव. मी नागपूरची. आमच्याकडे बरणी म्हटली की पहिला नियम म्हणजे हवा लागता कामा नये. मी झाकण गच्च पिळलं, वरून कापड बांधलं, दोरीनं आवळलं, आणि आईनं शिकवलं तसं सगळं चोख झालं म्हणून खूश झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही चहा पीत असताना झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि छतावर लाल शिंतोडे उडाले. आवाज ऐकून तू फळीतून धावत आलीस, वर बघितलंस, आणि तोंडावर हात ठेवून खाली बसलीस. हसता हसता तुला बोलता येईना. "ती श्वास घेते, मेधाया," तू शेवटी म्हणालीस, "तू तिचं नाक दाबून धरलंस!"

माझ्या नावाला 'या' जोडून हाक मारायची तुझी पद्धत. मला म्हणालीस, मला इमो म्हण. इमो म्हणजे काय, तर आईची बहीण. म्हटलं, मग मावशीच की. तुला तो शब्द इतका आवडला की फोनवरसुद्धा तू "मावशी हिअर" म्हणायला लागलीस. आणि मी तुला एकेरीत, हक्कानं, भांडून बोलायला लागले, जसं सख्ख्या मावशीशी बोलतात.

तुझं इंग्रजी तोडकं होतं, त्यामुळे तुझ्या गोष्टीही छोट्या असत. पण त्यातली एकेक मला अजून पुरते. तुझ्या लहानपणी गावात थंडी पडायच्या आधी गल्लीतल्या बायका एका घरी जमायच्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. कोबीचा ढीग मिठात मुरवायचा, तिखटाचा लगदा पानापानात चोळायचा, आणि रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे म्हणजे आतलं गोठत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पापड लाटायला बायका जमतात तसंच. फक्त पापड नसले तरी आमचा पावसाळा जातो. तुमचा हिवाळा त्या रांजणांवरच निघायचा. तू सांगायचीस, एखाद्या घरी बाई आजारी असली तर तिचा रांजण बाकीच्या जणी भरून द्यायच्या आणि त्याबद्दल कोणी एक शब्दही काढायचं नाही.

मग तू लग्न होऊन अमेरिकेत आलीस आणि पहिल्याच अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली. तू बरणी गाडीच्या डिकीत ठेवलीस. रोज संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये जाऊन, चोरासारखं इकडे तिकडे बघून, वाटीभर काढून आणायचीस. गाडी विकायला काढली तेव्हा घेणारा माणूस आत बसला आणि लगेच उतरला. हे तू हसत सांगायचीस. पण एकदा आपण दोघी दुकानात होतो, आणि तिथं देखण्या बाटल्यांमधून, 'पोटासाठी उत्तम' असं लिहिलेली किमची मांडलेली होती. तू एक बाटली हातात घेतलीस, खूप वेळ बघितलीस आणि जागेवर ठेवलीस.

आपली भांडणं काय कमी झाली का गं? पहिलं भांडण हातमोज्यांचं. मी बायोटेकच्या लॅबमध्ये काम करणारी बाई. दिवसभर दोन दोन जोड्या ग्लोव्ह्ज चढवून पेशी वाढवते, आणि संध्याकाळी तुझ्या गराजमध्ये तू उघड्या हातांनी कोबी चोळताना बघून माझा जीव वरखाली व्हायचा. "मावशी, ग्लोव्ह्ज घाल." "ग्लोव्ह्ज घातले तर चव कुठून येणार?" तू विचारायचीस. तुमच्या भाषेत हाताच्या चवीला वेगळा शब्दच आहे म्हणालीस. मी म्हटलं, आमच्याकडेही म्हणतात, अमुकच्या हाताला चव आहे. "मग?" तू म्हणालीस आणि माझे ग्लोव्ह्ज ओढून काढलेस. नखांत तिखट शिरून रात्रभर माझी बोटं जळत होती.

दुसरं भांडण मिरचीचं. मी माहेरून भिवापुरी मिरचीची पूड आणली आणि ऐटीत तुझ्यापुढे ठेवली. तुझी मिरची रंगाला देखणी, चवीला गोडसर. म्हटलं, ही आमची बघ. तू माझ्या शब्दाखातर एक टबभर किमची तिच्यात केलीस. त्या रविवारी तुझ्याकडे आलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तू मला विचारलंस, "मी तुझं काय वाईट केलं होतं?" मग कोणीतरी आठवण करून दिली की मिरची मुळात ना तुमची ना आमची, ती या खंडातली, जहाजांतून तुमच्याकडे आणि आमच्याकडे पोचली. त्याआधी तुमची किमची पांढरीच असायची, नुसतं मीठ, पाणी आणि भाजी. "म्हणजे आपण दोघी तिला तिच्या माहेरी घेऊन आलोय," मी म्हणाले. तुला हे फार पटलं. पण भिवापुरी पूड तू मला परत केलीस ती केलीसच.

आणि तिसरं भांडण, जे संपलंच नाही. विरजणाचं. मी तुला म्हणायची, मावशी, नवीन किमची घालताना जुन्यातलं दोन चमचे पाणी घाल. दह्याला लावतो तसं. माझ्या आईचं विरजण तिच्या सासूकडून आलेलं होतं, शेजारणी वाटी घेऊन यायच्या, एका घरातलं नासलं तर दुसऱ्या घरातून परत मिळायचं. चव तुटत नाही. तू मान हलवायचीस. "नाही. दरवर्षी नवीन. कोबीला ठाऊक असतं काय करायचं." मी लॅबमधलं सगळं ज्ञान पाजळलं, तुला जिवाणू समजावले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "जुनं पाणी जुन्याचं."

गेल्या नोव्हेंबरात तुझ्यानं उभं राहवत नव्हतं. तू गराजमध्ये स्टुलावर बसून हुकूम सोडत होतीस आणि मी राबत होते. पण लगदा चोळायची वेळ आली तशी तू टब पुढे ओढलास. धाप लागत होती तरी शेवटच्या कोबीपर्यंत कोणाला हात लावू दिला नाहीस. त्या वर्षी डबे थोडेच झाले. त्यातलेही तू वाटलेस. मी जाता जाता म्हटलं, "पुढच्या वर्षी तरी माझं ऐक, थोडं पाणी ठेवू." तू हातानंच मला 'जा' म्हणून खूण केलीस. मला वाटलं, दमली आहे, उद्या भांडू.

तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा अजून रोज अंधार पडताना लागतो. त्याला टायमर आहे हे मला माहीत आहे, मीच तो बसवून दिला होता. तरी दिवा लागला की माझा हात गॅसवरून थबकतो. आता तू भांडं ठेवशील, आता खिडकीत तुझं डोकं दिसेल. परवा डेकच्या काचेवर टक् झालं आणि मी ओले हात पुसत धावले. बाहेर कोणी नव्हतं. पाऊसही नव्हता, वाराही नव्हता. मी दार उघडून उभी राहिले. आत येताना दार पूर्ण लावायचं जिवावर आलं.

ग्रेस, तुझी लेक, घर आवरायला सांता क्लाराहून आलीय. तिनंच हा डबा मला आणून दिला. तुझा किमचीचा फ्रिज रिकामा करताना माझ्या बिनमाशाच्या कप्प्यात एवढाच निघाला म्हणाली. "मला उघडवत नाही, मेधा. तू घे. टाकायचा असेल तर टाक." मी घेतला आणि ठरवून टाकलं की याला हात लावायचा नाही. यातलं पाणी विरजण म्हणून ठेवीन, दरवर्षी नवीन किमचीत घालीन, तुझी चव तुटू देणार नाही. तू भांडायला नव्हतीस म्हणून हे ठरवणं सोपं गेलं.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. आपल्या बॉथेलचे कावळे तुला माहीत आहेतच. हिवाळ्यात दिवस मावळताना कॉलेजजवळच्या पाणथळ झाडीत हजारोंनी उतरतात, आपल्या छपरांवरून आभाळ काळं करत जातात. तू त्यांना कंटाळायचीस, गाडी घाण करतात म्हणून. मी मात्र परवा त्यांच्याकडे बघत राहिले आणि आतली मराठी बाई जागी झाली. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी भात ठेवतात. कावळा शिवला तर समजायचं, गेलेल्याची इच्छा राहिली नाही. नाही शिवला तर घरचे एकेक इच्छा आठवून वचन देत राहतात. दहावा दिवस कधीच उलटला होता, पण आपल्या घरावरून हजारो कावळे जातात, म्हटलं, एक तर खाली येईल.

काल संध्याकाळी मी डबा उघडला. भाताचा गोळा केला, त्यावर तुझी किमची ठेवली आणि ताटली डेकच्या कठड्यावर ठेवून लांब उभी राहिले. कावळे यायला लागले. मी बोलायला लागले. मावशी, ग्रेसला एकटं पडू देणार नाही, दिवाळीला हक्कानं बोलवीन. एकही कावळा वळला नाही. तुझ्या पर्सिमनच्या, त्या केशरी फळांच्या, झाडाची काळजी घेईन, घरात नवीन येणाऱ्यांना तोडू देणार नाही. थवेच्या थवे वरून गेले. ग्लोव्ह्ज घालणार नाही, शपथ. काहीच नाही. विरजणाचं मात्र मी कबूल केलं नाही. भांडण अर्ध्यावर सोडून गेलीस तू, मी एकटीनं का हरू? आभाळ रिकामं झालं, गारठा वाढला, आणि मी रडत तिथं उभी होते. म्हणजे तुझं काहीतरी राहिलंय आणि ते काय ते मला माहीत नाही.

"मेधा? व्हॉट आर यू डूइंग?" कुंपणाच्या फळीतून ग्रेस आली होती. मी तिला सगळं सांगितलं, कावळा, भात, इच्छा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ताटलीकडे बघितलं आणि एकदम तुझ्यासारखाच तोंडावर हात ठेवला.

"ओ माय गॉड. रेड पेपर? गार्लिक?"

"म्हणजे काय?"

"आमच्याकडे पितरांच्या पानात लाल तिखट आणि लसूण कधीच ठेवत नाहीत. आत्म्यांना ते चालत नाही. त्यानं ते पळून जातात." ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तू तिला बोलावतेयस की हाकलतेयस?"

मी पायरीवर बसले. माझं घर तुझ्या डोळ्यांसमोर आण, मावशी. ओट्यावर लसणाची टोपली. फ्रिजात ठेच्याची बाटली. मिसळणाच्या डब्यात काठोकाठ तिखट. आणि मधोमध तुझा स्वतःचा लालभडक डबा, जो मी तुला धरून ठेवायला जपून ठेवला होता. महिनाभर मी तुझी वाट बघत होते, आणि या घराच्या दाराशी तू आली असशील तर तशीच परत गेली असशील.

आणि तिथं, त्या पायरीवर, मला माझ्या आईचे दिवस आठवले.

आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला होता. नागपूरला जाता आलं नाही. फोनच्या काचेत आईला शेवटचं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तू आलीस. "सॉरी" म्हणाली नाहीस, मिठी मारली नाहीस. सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरलीस आणि पिशवीत माझा मिसळणाचा डबा, लसूण, ठेचा, लोणच्याची बरणी, सगळं भरून तुझ्या घरी ठेवून आलीस. मला वाटलं, म्हातारी माझ्या दुःखात माझं घर आवरायला निघालीय. मग तू भात केलास, एक पाणीदार सूप केलंस, आणि तुझ्या घरून पांढरी किमची आणलीस. मुळा, कोबी, मिठाचं पाणी. मी त्या अवस्थेतही तुला टोचलंच, "का गं, मिरची संपली?" तू म्हणालीस, "टुडे नो रेड." एवढंच. ताकास तूर लागू दिली नाहीस. तू तीन पानं मांडलीस. नितीन ऑफिसात होता, मला वाटलं त्याच्यासाठी. डेकचं दार थोडं उघडं होतं, गार वारा येत होता, मी लावायला उठले तर तू माझं मनगट धरून मला खाली बसवलंस. मला वाटलं, तुला गरम होतंय.

मी ग्रेसला हे सांगितलं. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, "ते पान तुझ्या आईचं होतं."

काल रात्रीच ग्रेसनं तिची फ्लाइट पुढे ढकलली. तुझ्याशी हे बोलायला लागले तेव्हा बुडबुडत असलेला तुझा डबा आज आम्ही संपवला. न्याहारीला भाताबरोबर, दुपारी सगळी उरलेली एका भांड्यात उकळून. ग्रेस डब्याच्या तळाला बोट फिरवून चाटत होती. पाणी उरलं तेव्हा मी एकदा तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. मग मी ते भांड्यात ओतलं आणि आम्ही ते प्यायलो. जुनं पाणी जुन्याचं. जिंकलीस, बाई. डबा घासला, दोनदा, उन्हात ठेवला. रडू आलं तसं रडलेही. नितीन पुण्याचा, तो म्हणाला, "पुण्याला असं काही करत नाहीत." म्हटलं, पुण्याला काय करतात ते आम्हाला माहीत आहे, तू लसूण उचल. आमचा तिखट-लसणाचा सगळा संसार त्यानं दोन पिशव्यांत भरला आणि तुझ्या गराजमध्ये नेऊन ठेवला.

आता ग्रेसनं आणि मी मुळ्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात घातल्यात, उघड्या हातांनी. ही पांढरी किमची धड आंबलेली नाही, तू असतीस तर नाक मुरडलं असतंस. वरण केलंय, नुसतं मीठ-हळद-तुपाचं. नागपूरच्या बाईनं फोडणीत लसूण-मिरची न घालता वरण केलं, हे बघायला तरी ये. पानं चार आहेत. डेकचं दार उघडं आहे, थंडी आत येतेय, आणि कोणी लावायला उठत नाहीये.

तुझं राहिलेलं काय ते मी आता विचारत नाही. माझं एक राहिलंय, तेवढं सांगून जा. त्या दिवशी जेवताना माझी दाराकडे पाठ होती आणि तू दाराकडे तोंड करून बसली होतीस. पहिला घास घ्यायच्या आधी तू चमचा खाली ठेवलास, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलंस आणि हळूच मान लववलीस, घरात कोणी थोर माणूस आल्यावर तू लववायचीस तशी. ती कोणाला गं, मावशी?